‘मी आलो’ की ‘मी आले’ : मराठीच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मराठी विषयाचे शिक्षक,
महाराष्ट्रातील सर्व शाळा

विषय : स्त्रीत्व, स्त्रीवाद आणि क्वीअर स्वओळख



‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत फरक आहे तो शेवटच्या एका स्वराचा. पण मराठी बोलणाऱ्याला हा स्वर चुकवता येत नाही. उठलो-उठले, निघालो-निघाले, दमलो-दमले : आपण बाई की पुरुष, हे मराठी माणूस दिवसभर क्रियापदातून सांगत असतो आणि सांगतो आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही. घरात आईचे ऐकून ‘मी जाते’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला मोठी माणसे हसून सांगतात, ‘जाते नाही रे, जातो म्हण.’ व्याकरणातले लिंग मूल शाळेत येण्याआधीच असे शिकलेले असते. त्याच वाक्यात ते आणखी एक गोष्ट शिकते : आपण कोण, हे आपल्याआधी इतरांना ठाऊक असते.

बहुतेकांना हा स्वर कधी टोचत नाही. ज्याला टोचतो त्याला मराठीतल्या पळवाटा फार लवकर सापडतात. भविष्यकाळात लिंग दिसत नाही. ‘मी जाईन’ कोणीही म्हणावे. ‘मला जायचंय’, ‘मला भूक लागली’ यांतही ते लपते. ‘मी धडा वाचला’ या वाक्यात क्रियापद धड्याच्या मागे जाते, वाचणाऱ्याच्या नाही. वर्गात उशिरा आलेले मूल ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ न म्हणता ‘येऊ का सर?’ एवढेच विचारते. ‘गृहपाठ विसरलो’ म्हणावे की ‘विसरले’, हा पेच ‘गृहपाठ राहिला’ म्हटले की सुटतो. अशी वाक्ये सहज कोणीही बोलते. पण एखादे मूल वर्षभर नेमकी हीच वाक्ये निवडून बोलत असेल, तर ते व्याकरण उत्तम जाणते आणि त्या व्याकरणात त्याला जागा मिळालेली नाही, असे दोन्ही अर्थ निघतात.

पुस्तकातला नियम सगळ्या मराठी मुलखाला लागू आहे असेही नाही. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी गेलो’ असे सर्रास बोलतात, आणि त्यामुळे त्यांच्या बाईपणाला धक्का लागल्याचे कोणाला वाटत नाही. शेजारच्या कोंकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंग वापरले जाते. प्रमाण मराठीत मूल, लेकरू, पोरगं हे सारे ‘ते’ असतात. ‘पोर’ हा शब्द तर तिन्ही लिंगांत चालतो : तो पोर, ती पोर, ते पोर. पिळदार शरीराचा पहिलवानही ‘ती व्यक्ती’च असतो. शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे मराठीचा प्रत्येक शिक्षक खुर्ची, पलंग आणि टेबल यांच्या उदाहरणाने शिकवतोच. पुढचे सारे विवेचन त्याच धड्याचा विस्तार आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. मराठीत ‘लिंग’ या एका शब्दावर फार ओझे आहे. व्याकरणातला भेद, शरीरातला भेद, शरीराचा अवयव आणि शंकराची पिंडी, सगळे त्यातच. म्हणून समाजाने बाई आणि पुरुष यांना दिलेल्या वागणुकीच्या साच्यासाठी अभ्यासकांनी ‘लिंगभाव’ हा शब्द रुळवला. शरीर जन्मासोबत येते. लिंगभाव घर, शाळा, देऊळ आणि बाजार मिळून घडवतात. माणूस स्वतःला आतून बाई समजतो, पुरुष समजतो, दोन्ही किंवा यांतले काहीच समजत नाही, ही त्याची लिंगओळख. त्याचा जीव कोणावर जडतो तो त्याचा लैंगिक कल. ‘समलिंगी’ हा शब्द कलाबद्दल सांगतो. जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नसेल, तर ‘पारलिंगी’ म्हणतात. जन्मतः शरीराची घडण रूढ नर-मादी भेदात बसत नसेल, तर ‘द्विलिंगी’ किंवा ‘आंतरलिंगी’. ‘उभयलिंगी’ या शब्दाने मात्र गोंधळ होतो : विज्ञानाच्या तासाला गांडूळ उभयलिंगी असते, आणि एरवी स्त्री व पुरुष दोघांबद्दल ओढ वाटणाऱ्या माणसालाही तेच म्हटले जाते.

या सगळ्यांना मिळून ‘क्वीअर’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा आला. तिकडे तो मुळात हिणवण्याचा शब्द होता. ज्यांना हिणवले जाई त्यांनीच तो उचलून स्वतःचे नाव केले. मराठीत ‘हिजडा’ या शब्दाचे असेच होत आहे. सरकारी कागदावर ‘तृतीयपंथी’ लिहिले जाते, तर काही जणी मुद्दाम ‘हिजडा’च म्हणवून घेतात. पारलिंगी कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कुरूप’ हे नाव दिले. जगाने मारलेला दगड हातात घेऊन त्याची पाटी करावी, तसे हे आहे.

शरीर, वागणे, लिंगओळख आणि लैंगिक कल या चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. हळू आवाजाचा, रांगोळीत रमणारा मुलगा पुढे एखाद्या मुलीच्या प्रेमात पडू शकतो. केस बारीक कापून बुलेट चालवणारी बाई स्वतःला शंभर टक्के बाई समजत असू शकते. पारलिंगी स्त्रीचे प्रेम पुरुषावर असेल किंवा बाईवर. वागण्यावरून कल, कलावरून ओळख किंवा ओळखीवरून शरीर ताडायला गेले की चूक होते. आणि ही चूक बहुधा आठवीच्या वर्गात, मागच्या बाकावर, टोपणनावाच्या रूपाने जन्माला येते.

स्त्रीत्व म्हणजे काय, या प्रश्नाला मराठीत दोन शब्द आहेत आणि दोन्हींचा सूर वेगळा आहे. ‘स्त्रीत्व’ भाषणात येते, सत्कारात येते. ‘बाईपण’ मोरीपाशी, चुलीपाशी आणि प्रसूतीच्या खाटेवर भोगले जाते. पहिल्या शब्दातला गौरव आणि दुसऱ्यातला भोग यांची सांगड घालून जाब विचारणारे पहिले ठळक मराठी पुस्तक 1882 साली निघाले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’. त्याला निमित्त झाले सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. मूल मारल्याबद्दल विजयालक्ष्मीला फाशीची शिक्षा झाली, पुढे वरच्या न्यायालयात ती कमी झाली, आणि दरम्यान वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चंचलपणावर तोंडसुख घेतले गेले. ताराबाईंनी बायकांच्या माथी मारले जाणारे दुर्गुण एकेक करून घेतले आणि ते पुरुषांत कसे भरून आहेत हे दाखवले. या पद्धतीत एक मूलभूत विचार दडलेला आहे : ज्याला स्त्रीस्वभाव म्हणतात तो स्त्रीच्या देहातून निघत नाही, तो तिच्याबद्दल बोलणाऱ्याच्या तोंडातून निघतो.

हे बाईपण सगळ्या बायकांसाठी एकच नव्हते. ते जातवार कापलेले होते. लुगडे किती खाली सोडायचे, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, यावरून बाईची जात ओळखू येई. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या अस्पृश्य बायकांना सांगितले की, जात ओळखू येईल अशा खुणा टाका आणि इतर बायकांसारखे नीट लुगडे नेसा. तिथल्या बायकांनी ते मनावर घेतले. नेसण्याची पद्धत बदलणे ही वरवर साधी दिसणारी गोष्ट त्या दिवशी राजकीय होती. सवर्ण बाईला जे लुगडे बंधन वाटू शकते, तेच टाचेपर्यंत नेसण्याचा हक्क दुसऱ्या बाईला मिळवावा लागला. एकाच वस्त्राचे दोन अर्थ झाले, कारण ते वस्त्र कोणी कोणावर लादले आणि कोणी आपखुशीने घेतले, यात फरक होता.

बाईपण पुरुषांच्या देहातही वावरले आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे कौतुकही केले आहे. पंढरपूरचा विठोबा विठाई होतो. ज्ञानेश्वरांना वारकरी ‘माउली’ म्हणतात; त्यांच्या नावावरच्या विरहिणी स्त्रीच्या तोंडून बोलतात. एकनाथांच्या भारुडांत पुरुष कलावंत लुगडे नेसून उभा राहतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी 1911 साली ‘मानापमान’मध्ये भामिनी, 1916 साली ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी आणि 1919 साली ‘एकच प्याला’मध्ये सिंधू रंगवली. घरंदाज बायका त्यांचे पाहून लुगडी नेसू लागल्या, अंबाडे घालू लागल्या. बाईने बाई कसे दिसावे हे एका पुरुषाकडून शिकावे, याहून ‘बाईपण घडवलेले असते’ याचा मोठा पुरावा कोणता?

मात्र या कौतुकाची हद्द आखलेली होती. संतांनी स्त्रीचा आवाज घेतला म्हणून बायकांचा विटाळ सुटला नाही. बालगंधर्वांचा पदर वाखाणला जात होता त्याच काळात घरंदाज बाईने रंगभूमीवर पाऊल ठेवणे अब्रूला बट्टा मानले जाई. आणि रंगमंचावर ज्या लाडिक हालचालीला टाळी पडे, ती शाळेच्या पटांगणात एखाद्या मुलाने केली की ‘बायल्या’ ही शिवी मिळे. ती आजही मिळते. ‘बायकी’ हा शब्द शिवीसारखा वापरता येतो याचे कारण बाई असणे कमीपणाचे मानले जाते. त्यात मुलाचा काहीच संबंध नसतो. मुलीला ‘अगदी मुलासारखी आहे’ म्हटले की ते कौतुक ठरते, मुलाला ‘मुलीसारखा’ म्हटले की तो रडवेला होतो. क्वीअर मुलाला होणारा जाच आणि बाईची पायरी खालची मानणे, या दोन्हींचे मूळ असे एकच आहे. स्त्रीवादाला क्वीअर प्रश्न परका नाही, याचा पहिला पुरावा या एका शिवीत सापडतो.

दुसरा पुरावा स्त्रीवादाच्या इतिहासात आहे. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या लढ्याचे मोठे टप्पे पाहिले तर शिक्षण, संमतिवय, मालमत्ता, हिंसा असे विषय बदलत जातात. पण प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न परत येतो : बाईने स्वतःविषयी उच्चारलेला शब्द खरा धरायचा की नाही? रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायला नकार दिला. 1884 साली नवऱ्याने न्यायालयात दाद मागितली, 1885 साली एका न्यायाधीशाने त्यांची बाजू उचलून धरली, 1887 साली दुसऱ्याने नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा निवाडा दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. त्यांचा नकार साऱ्या हिंदुस्थानात गाजला, कारण लग्नाबाबत बाईला ‘मी’ असतो हेच अनेकांना मान्य नव्हते.

हाच प्रश्न सुमारे पंच्याऐंशी वर्षांनी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात उभा राहिला. मार्च 1972 मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर तिथे अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती असावी, असा तर्क त्यामागे होता. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट्याने सहन करणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या पत्राचा गाभा. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 साली कायदा बदलला : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संभोग झाल्याचे सिद्ध असेल आणि बाईने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरायचे. तिचा शब्द पुरावा झाला.

स्त्रीवादातला ‘आम्ही’ मात्र सुरुवातीपासून मोठा नव्हता; त्याला मोठे करावे लागले. 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती त्यात आहेत. शीर्षकातला ‘ही’ हा अव्ययाचा एक ठिपका. पण मध्यमवर्गीय सवर्ण बाईला ‘सगळ्या बायका’ समजणाऱ्या चळवळीला त्याने आरसा दाखवला. बाईवर प्रेम करणाऱ्या बायकांनाही असेच दार ठोठवावे लागले. मुंबईत 1995 साली ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. 1998 साली ‘फायर’ चित्रपटाविरुद्ध मुंबईच्या चित्रपटगृहात तोडफोड झाली, तेव्हा स्त्री-चळवळीतल्या अनेकींना हा विषय आपला मानायचा की नाही, याचे उत्तर पहिल्यांदा उघडपणे द्यावे लागले. समलिंगी मुलीपुढे रखमाबाईंचाच प्रश्न असतो, फक्त दुप्पट अवघड. तिला एका स्थळाला नाही म्हणून भागत नाही. येणाऱ्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणावे लागते आणि कारण मात्र सांगता येत नाही.

क्वीअर माणसे मराठी मुलखात नवी नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला वाहिलेले पुरुष, म्हणजे जोगते, लुगडे नेसतात, डोक्यावर देवीच्या मूर्तीचा जग घेतात, चौंडक्याच्या तालावर जोगवा मागतात. सीमाभागातल्या गावांना त्यांची सवय आहे. मात्र जोगत्याला सरसकट ‘आपला जुना पारलिंगी’ ठरवणे घाईचे होईल. कोणाला त्या लुगड्यात स्वतःचे खरे रूप सापडते. कोणाच्या केसात जट आली म्हणून घरच्यांनी त्याला देवीला वाहिलेले असते. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटाचा नायक याच दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याला लुगडे नको आहे. मनाविरुद्ध चढवलेली पँट आणि मनाविरुद्ध नेसवलेले लुगडे, दोन्हींतला अन्याय एकच. इंग्रज सरकारने तर 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात तरतूद केली होती की, नोंदवहीत नाव असलेला हिजडा रस्त्यावर बायकी पोशाखात दिसला तर त्याला पकडावे. परंपरेने लुगडे नेसवले, कायद्याने फेडले; माणसाला कोणी विचारले नाही.

मराठी साहित्यातही हा ‘मी’ हळूहळू उगवला. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात सुमित्रा देव ही तरुणी दुसऱ्या मुलीवर प्रेम करते, पण तिची गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू. शेवटी ती जगत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या 2006 च्या कादंबरीत भाऊ तनय आणि बहीण अनुजा, दोघेही घरातल्या एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि दोघेही आपापली गोष्ट स्वतः सांगतात. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथेच्या नावातच ‘मी’ दोनदा येतो : ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीपासून स्वतः उच्चारलेल्या नावापर्यंतचा हा प्रवास साहित्याचा आहे, तसाच हक्काचाही आहे.

माणसाच्या स्वतःविषयीच्या या शब्दाला कायद्याने किती किंमत दिली हे पाहण्यासारखे आहे. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितले की, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरवणे माणसाच्या स्वतःच्या हाती आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही. मुंबईत सखी चार चौघी ही संस्था चालवणाऱ्या गौरी सावंत या लढ्यातल्या एक. 2019 साली संसदेने कायदा केला, तेव्हा स्वओळखीचे तत्त्व लिहून घेतले, पण तृतीयपंथी असल्याच्या दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज आणि स्त्री किंवा पुरुष अशा नोंदीसाठी शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला. त्याच कायद्याने तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा ठेवली, तर बाईवरच्या बलात्काराला त्या वेळी किमान दहा वर्षांची शिक्षा होती. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 1860 च्या 377 कलमाचा फास 6 सप्टेंबर 2018 रोजी सुटला. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 4,87,803 आणि महाराष्ट्रात 40,891 माणसे ‘इतर’ या रकान्यात नोंदली गेली. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : प्रगणकाला उत्तर देतो तो बहुधा घरातला कर्ता. ज्याची नोंद, त्याचा शब्द तिथे विचारलेला असतोच असे नाही.

स्त्रीवादाच्या बाजूने एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. बाईपण जर समाजाने घडवलेला साचा असेल, तर ‘मी आतून बाई आहे’ या म्हणण्याला अर्थ काय? आणि पारलिंगी स्त्रिया ठसठशीत कुंकू, गजरा, भरजरी साडी यांतून तोच साचा पक्का करत नाहीत का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या शिक्षकाला सुचायला हरकत नाही. मातृभाषा कोणी जन्मताना घेऊन येत नाही. ती शिकलेलीच असते. तरी माणूस स्वप्नात तीच बोलतो. घडवलेली गोष्ट म्हणजे खोटी गोष्ट नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक रोखठोक आहे. गजरा माळणाऱ्या इतर कोणत्याही बाईला तिच्या गजऱ्याबद्दल जाब विचारला जात नाही. पारलिंगी बाई साधी राहिली तर ‘ही कसली बाई’ म्हणतात, नटली तर ‘सोंग’ म्हणतात. दोन्हीकडून मार खाणे हा अनुभव बाईपणाला नवा नाही.

महिलांच्या राखीव जागा पारलिंगी स्त्रियांना द्याव्यात का, ही शंकाही अशीच तपासून पाहता येते. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत एका पारलिंगी उमेदवाराने महिलांच्या जागेसाठी भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो स्वीकारायला लावला. या उमेदवाराने स्त्री ही ओळख निवडली आहे आणि पुढे लाभासाठी ती बदलणार नाही, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. त्या निवडूनही आल्या. नियम, अट, शब्द आणि मतदार, चारही गोष्टी एका गावात जुळल्या.

शाळेत याचे काय करायचे, हे सांगायला मोठा आराखडा लागत नाही. लिंगविचाराचा धडा शिकवताना ‘पोर’ची तीन लिंगे आणि कोल्हापूरच्या बायकांचे ‘मी येतो’ ही उदाहरणे फळ्यावर आली, तर नियम आणि माणूस यांतले अंतर मुलांना आपोआप दिसते. ‘बायकी’ आणि ‘बायल्या’ हे शब्द वर्गात ऐकू आले की अर्थ विचारावा : बाईसारखे असण्यात वाईट काय? प्रश्न अवघड नाही, पण उत्तर देणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो. गॅदरिंगमध्ये मुलीला शिवाजी आणि मुलाला हिरकणी करायला मिळावी. वाक्यरचनेच्या स्वाध्यायात आई नेहमी पोळ्याच लाटते आणि बाबा नेहमी पेपरच वाचतात, असे होऊ नये. प्रत्येक ठिकाणी मुलांची रांग आणि मुलींची रांग करण्याऐवजी हजेरीक्रमाने रांग केली, तर काहीही बिघडत नाही.

सर्वांत महत्त्वाचे क्रियापदाचे. एखादे मूल ‘मी आले’ म्हणत असेल आणि हजेरीपटावर दुसरे काही लिहिलेले असेल, तर शिक्षकाने ‘आलास’ म्हणायचे की ‘आलीस’? दाखल्यावरची नोंद बदलणे शिक्षकाच्या हाती नाही; दाखल्याला त्याची स्वतःची वाट आहे. तोंडातले क्रियापद मात्र शिक्षकाचे आहे. ते मुलाने स्वतःसाठी वापरलेले वापरावे. मात्र चारचौघांत तसे बोललेले चालेल का आणि घरी हे माहीत आहे का, हे त्या मुलाला एकट्यात विचारून घ्यावे, कारण घाईने दाखवलेली आपुलकी त्याला घरातून बाहेर काढू शकते. मूल अजून ठरवत असेल तर ठरवू द्यावे. तोवर व्याकरणानेच सोय ठेवली आहे : ‘तुम्ही आलात’ यात लिंग दिसत नाही, ‘आम्ही आलो’ यातही दिसत नाही. मुलगे, मुली आणि यांपैकी कोणत्याच रकान्यात न बसणारी मुले सहलीहून परत येतात तेव्हा सारी मिळून ‘आम्ही आलो’ असेच ओरडतात, आणि आजवर एकाही परीक्षकाने ते वाक्य चूक ठरवलेले नाही.